विश्लेषण : मासेमारीला गेलेल्या वकिलाने बंदरांचे अर्थकारण कसे बदलले? कोण होते विल्यम आर्मस्ट्राँग?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा ७६ हजार २२० कोटी रुपये हा आकडा सर्वत्र झळकला. बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आकाशाला भिडलेल्या क्रेन येतात. पण या प्रकल्पाच्या तपशिलात क्रेनच्या बरोबरीने दुसऱ्याच गोष्टी दिसतात. समुद्रात १ हजार ४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत. बंदरातला पैसा नेमका कुठे जातो आणि त्याचे फळ कोणाला मिळते, हा प्रश्न नवा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात एका वकिलाने धक्क्यावरची एक क्रेन पाण्याच्या दाबावर चालवून दाखवली आणि जगभरच्या गोद्यांचे हिशोब बदलले. त्यांचे नाव विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग.

वकील यंत्रांकडे कसा वळला?

आर्मस्ट्राँग यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूकॅसलमध्ये झाला. टाइन नदीकाठचे हे शहर कोळशाच्या व्यापारावर वाढलेले. वडील धान्याचे व्यापारी होते. शहराच्या कारभारात त्यांचे वजन होते आणि १८५० मध्ये ते महापौरही झाले. लहानपणी विल्यम यांची तब्येत नाजूक असल्याने हिवाळ्यात बराच वेळ घरातच जायचा. हाताला लागेल त्या वस्तूपासून चालणारी खेळणी बनवणे हा त्यांचा छंद होता.

मुलाने वकील व्हावे, असे मात्र वडिलांनी आधीच ठरवून टाकले होते. आर्मर डॉन्किन हे त्यांचे स्नेही शहरातील नावाजलेले सॉलिसिटर होते. त्यांच्याकडे विल्यम यांची उमेदवारी सुरू झाली, लंडनमध्ये पुढचे शिक्षण झाले आणि परतल्यावर ते डॉन्किन यांच्या फर्ममध्ये भागीदार झाले. दस्तऐवज, करारमदार, अशिलांच्या भेटी यांत दिवस जायचा. यंत्रांचे वेड उरलेल्या वेळेपुरते होते. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्यांची ओळख वकील हीच होती. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही.

पाणचक्कीत त्यांना काय दिसले?

१८३५ मध्ये त्यांचे मार्गारेट रॅमशॉ यांच्याशी लग्न झाले. त्याच सुमारास ते डोंगराळ भागातील डेंट येथे मासेमारीसाठी गेले होते. तिथे संगमरवराच्या खाणीसाठी एक पाणचक्की फिरत होती. उंचावरून येणारे पाणी चाकावर पडायचे, चाक फिरायचे आणि पाणी पुढे वाहून जायचे. आर्मस्ट्राँग यांनी गणित मांडले, तेव्हा पाण्यातील एकूण शक्तीपैकी जेमतेम विसावा भाग वापरला जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. बाकीची शक्ती वाया जात होती.

कारण साधे होते. चाकाचा व्यास असतो तेवढ्याच उंचीचा उपयोग होतो. डोंगरावरून येणारे पाणी मात्र त्याच्या कितीतरी पट उंचीवरून उतरलेले असते. हेच पाणी बंद नळातून खाली आणले तर त्या सगळ्या उंचीचा दाब तळाशी मिळेल, हा त्यांचा विचार. घराच्या नळाला तळमजल्यावर जास्त आणि वरच्या मजल्यावर कमी दाब का असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा मुद्दा लगेच कळेल.

या विचारावर त्यांनी पाण्याच्या दाबाने फिरणारे एक इंजिन तयार केले. ते चालले, पण कोणालाही ते घ्यावेसे वाटले नाही. पाण्याच्या दाबावर चालणारे इंजिन कोणत्या कामासाठी विकत घ्यायचे, हा प्रश्न अनुत्तरित होता. मधल्या काळात त्यांनी वाफेपासून स्थिर विद्युत निर्माण करणारे यंत्र बनवले. त्यामुळे वैज्ञानिक वर्तुळात त्यांचे नाव झाले आणि १८४६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. पण गिऱ्हाईक मिळाले ते बंदरात.

पहिली हायड्रॉलिक क्रेन कशी उभी राहिली?

१८४५ मध्ये न्यूकॅसलला लांबच्या तलावांतून नळाने पाणी आणण्याची योजना आली. व्हिटल डीन वॉटर कंपनी या नावाने ती उभी राहिली आणि आर्मस्ट्राँग तिच्या उभारणीत पुढे होते. शहर उतारावर वसलेले. त्यामुळे वरच्या भागात पाणी पोहोचेल इतका दाब ठेवला की खाली नदीकाठच्या धक्क्यावर तो गरजेपेक्षा जास्त व्हायचा. हा जास्तीचा दाब आर्मस्ट्राँग यांना हवा होता.

धक्क्यावरच्या क्रेन तेव्हा माणसे हाताने फिरवत. एका क्रेनवर कित्येक माणसे लागत, ओझे हळू चढे आणि तोवर जहाज धक्क्याला अडकून पडे. आर्मस्ट्राँग यांनी शहराच्या पालिकेकडे प्रस्ताव ठेवला की धक्क्यावरची एक क्रेन नळाच्या पाण्यावर चालवून पाहू द्या, जहाजे लवकर आणि स्वस्तात रिकामी होतील. पालिकेने होकार दिला.

या क्रेनची रचना आजही समजायला सोपी आहे. एका नळकांड्यात दट्ट्या. दाबाखालचे पाणी आत सोडले की दट्ट्या पुढे सरकतो. दट्ट्याची चाल थोडी, पण साखळी अनेक कप्प्यांवरून नेलेली. त्यामुळे दट्ट्या एक मीटर सरकला तर आकडा कित्येक मीटर वर जातो. विहिरीवर कप्पी लावून आपण जोर वाचवतो. इथे उलट, जोर भरपूर असल्याने तो खर्चून अंतर मिळवायचे. चालकाच्या हातात फक्त पाण्याच्या झडपेचा दांडा असतो.

प्रयोग यशस्वी झाला आणि त्याच धक्क्यावर आणखी तीन क्रेन बसल्या.

'हायड्रॉलिक जॅक' या माणसाचे महत्त्व काय?

यंत्र चांगले असणे आणि ते विकले जाणे यात अंतर असते. हे अंतर पार करण्यात एका क्रेनचालकाचा मोठा वाटा आहे. न्यूकॅसलच्या धक्क्यावरच्या चालकाचा झडपेवर असा हात बसला होता की लोक त्याला 'हायड्रॉलिक जॅक' म्हणू लागले.

लिव्हरपूलच्या गोद्यांचे मुख्य अभियंता जेसी हार्टली हे करड्या स्वभावाचे आणि नव्या कल्पनांबाबत साशंक होते. पाण्यावर चालणाऱ्या क्रेनवर त्यांचा विश्वास नव्हता. अखेर ते न्यूकॅसलला आले आणि धक्क्यावर जाऊन उभे राहिले. जॅकने ओझे उचलले, वेगाने खाली सोडले आणि जमिनीला टेकण्याआधी अलगद थांबवले. असे खेळ त्याने पुन्हा पुन्हा करून दाखवले. हार्टली यांचे मत बदलले. त्यानंतर लिव्हरपूलच्या गोद्यांतून मागणी आली आणि १८४८ मध्ये तिथल्या अल्बर्ट डॉकच्या गोदामांत हायड्रॉलिक यंत्रे बसली.

बंदरातील यंत्रसामग्रीवर पैसा लावणाऱ्यांच्या हिशोबात चालकाचे कौशल्य क्वचितच धरले जाते. आर्मस्ट्राँग यांच्या धंद्याची पहिली मोठी दारे मात्र त्याच कौशल्याने उघडली.

वकिली सोडून कारखाना काढायला पैसा कुठून आला?

१८४७ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी वकिली सोडली. न्यूकॅसलजवळ नदीकाठी एल्सविक येथे साडेपाच एकर जागा घेऊन कारखाना सुरू केला. भांडवल उभे करण्यात ज्येष्ठ भागीदार डॉन्किन पुढे होते. म्हणजे ज्यांचे ऑफिस सोडले त्यांनीच पाठबळ दिले. त्यांच्याबरोबर शहरातील आणखी काही व्यापारी आले. सरकारी अनुदान नव्हते, बँकेचे मोठे कर्जही नव्हते. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एका माणसावर लावलेला हा पैसा होता.

मागणी लवकरच वाढली. रेल्वे कंपन्या, गोद्या, खाणी सगळ्यांनाच ओझे उचलणारी यंत्रे हवी होती. १८५० मध्ये कारखान्यात ३०० हून अधिक कामगार होते आणि त्या वर्षी ४५ क्रेन तयार झाल्या. दोन वर्षांनी ही संख्या ७५ वर गेली. पुढे शतक संपेपर्यंत वर्षाला सरासरी १०० क्रेन एल्सविकमधून बाहेर पडत राहिल्या.

ग्रिम्सबीच्या बंदरात ९४ मीटरचा मनोरा कशासाठी?

धंदा वाढला तशी अडचणही पुढे आली. न्यूकॅसल उतारावर होते म्हणून दाब फुकट मिळाला. बहुतेक बंदरे सपाट जमिनीवर असतात. तिथे शहराच्या नळाचा दाब कमी तर असतोच, शिवाय दिवसभर कमी-जास्त होत राहतो. अशा दाबावर क्रेन भरवशाने चालत नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्सबी येथे नवी गोदी बांधली जात होती. तिचे दरवाजे आणि क्रेन पाण्याच्या दाबावर चालवायचे ठरले. त्यासाठी डोंगराची उंची बांधून काढावी लागली. १८५२ मध्ये तिथे विटांचा सुमारे ९४ मीटर उंच मनोरा उभा राहिला. आत साधारण ६१ मीटर उंचीवर पाण्याची प्रचंड टाकी होती. इटलीतील सिएना शहरातील मनोऱ्याच्या धर्तीवर केलेली ही वास्तू आजही उभी आहे आणि पर्यटक तिचे फोटो काढतात. ती मुळात पाण्याची टाकी आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता हिशोब करू. ६१ मीटर उंचीच्या पाण्याने तळाशी मिळतो वातावरणाच्या साधारण सहा पट दाब. एवढ्यासाठी ९४ मीटरचे बांधकाम! प्रत्येक गोदीला असा मनोरा परवडणे शक्यच नव्हते.

अक्युम्युलेटर म्हणजे नेमके काय?

मनोऱ्याचे काम सुरू असतानाच हंबर नदीकाठच्या न्यू हॉलंड या ठिकाणी आर्मस्ट्राँग यांच्यापुढे दुसरा पेच आला. तिथली जमीन रेताड होती आणि उंच मनोऱ्याचे वजन पेलण्याजोगी नव्हती. क्रेन तर हव्याच होत्या. १८५१ च्या सुमारास त्यांनी काढलेला तोडगा हा त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठा शोध मानला जातो.

उंच टाकी नको, तर पाण्यावर वजन ठेवू, असा हा तोडगा. एक उभे, मजबूत नळकांडे. त्यात दट्ट्या. दट्ट्याच्या डोक्यावर दगड-लोखंडाने भरलेली अवजड पेटी. वाफेच्या इंजिनाचा पंप नळकांड्यात पाणी ढकलतो, तशी पेटी हळूहळू वर चढते. क्रेनला पाणी लागले की पेटी आपल्या वजनाने खाली येते आणि पाणी जोरात बाहेर पडते. यालाच अक्युम्युलेटर म्हणतात.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घ्या. पंप दिवसभर थोडे थोडे पाणी चढवतो आणि सकाळी सगळे जण एकदम नळ उघडतात, तरी पाणी पुरते. अक्युम्युलेटर हेच काम शक्तीसाठी करतो. फरक इतकाच की यात दाब टाकीच्या उंचीवर नव्हे, तर पेटीच्या वजनावर ठरतो. त्यामुळे वातावरणाच्या सुमारे ४० पट दाब सहज मिळू लागला. तेवढ्या दाबासाठी मनोरा बांधायचा झाला असता, तर ४०० मीटरहून उंच लागला असता.

एक सोपे गणित करून पाहू. १०० टनांची पेटी सहा मीटर वर चढलेली आहे, असे समजा. तिच्यात साठलेली शक्ती आजच्या मापाने जेमतेम दीड युनिट वीज एवढी भरते. हे फार थोडे वाटेल. पण एक टन ओझे दहा मीटर उचलायला लागणारी शक्ती त्याच्या साठाव्या भागाएवढी असते. म्हणजे कागदावर ६० ओझी. गळती आणि घर्षण धरून निम्मी म्हटली तरी ३०. तोवर पंप पुन्हा पेटी वर चढवत असतोच.

यातून बंदरांच्या गुंतवणुकीचा हिशोब कसा बदलला?

क्रेनचे काम सलग नसते. ओझे उचलायला काही सेकंद जोर लागतो आणि मग आकडा रिकामा परत येतो. प्रत्येक क्रेनला स्वतंत्र वाफेचे इंजिन द्यायचे तर ते सर्वाधिक जोराच्या हिशोबाने मोठे घ्यावे लागते आणि बराच वेळ नुसता कोळसा जाळत बसते. दहा क्रेनना दहा बॉयलर आणि दहा आगवाले लागतात. गोदामांत कापूस आणि धान्य असताना शेजारी आग धुमसत ठेवायची, हा धोका वेगळाच.

अक्युम्युलेटरमुळे एकच मध्यम आकाराचे इंजिन गोदीच्या एका कोपऱ्यात दिवसभर संथपणे चालू ठेवता आले. तिथून धक्क्याखाली लोखंडी नळ टाकायचे आणि लागेल तिथे क्रेन, दरवाजा, लिफ्ट किंवा जहाज ओढणारा रहाट जोडायचा. दाब सात पट वाढला की तेवढ्याच कामाला पाणी सातवा भाग लागते. त्यामुळे नळ आणि नळकांडी दोन्ही लहान झाली, खर्च उतरला.

पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. आता एक क्रेन विकत घेऊन भागत नव्हते. इंजिनघर, अक्युम्युलेटर आणि नळांचे जाळे हा मोठा खर्च आधी करावा लागे. एकदा तो केला की पुढची प्रत्येक क्रेन स्वस्त पडे. म्हणजे चार क्रेनच्या गोदीला ही यंत्रणा महाग आणि चाळीस क्रेनच्या गोदीला स्वस्त. मोठी बंदरे आणखी मोठी होण्याचे आणि लहान धक्के मागे पडण्याचे एक कारण इथे आहे. नंतर लंडनसारख्या शहरांत तर रस्त्याखालून दाबाचे पाणी पुरवून शक्ती विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. विजेच्या ग्रीडची कल्पना रुजण्याआधीची ही शक्तीची वाटपव्यवस्था होती.

या यंत्रणेत दोषही होता. क्रेनवर पूर्ण ओझे असो की रिकामी गोणी, दट्ट्या तेवढाच सरकणार आणि पाणी तेवढेच लागणार. हलक्या ओझ्याला शक्ती वाया जायची. विसाव्या शतकात विजेच्या क्रेननी तिची जागा घेतली, त्यामागे हेही कारण होते.

क्रेन बनवणारा माणूस तोफांकडे कसा गेला?

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. ब्रिटिश सैन्याच्या अवजड, जुन्या पद्धतीच्या तोफांचे हाल वाचून आर्मस्ट्राँग यांनी नवी तोफ तयार केली. नळीत आट्या असलेली, मागून भरता येणारी ही तोफ हलकी होती आणि नेमही चांगला धरत होती. १८५९ मध्ये त्यांनी तिची पेटंट सरकारला देऊन टाकली. बदल्यात 'सर' हा किताब आणि सरकारी पद मिळाले. १८६३ पर्यंत एल्सविकमधील कामगारांची संख्या ३ हजार ८०० वर गेली.

मात्र त्याच सुमारास सरकारने मागणी थांबवली आणि जुन्या पद्धतीच्या तोफांकडे परत जायचे ठरवले. आर्मस्ट्राँग पदावरून बाजूला झाले. तोफा बनवण्यासाठी उभारलेली यंत्रे आणि माणसे आता रिकामी होती. त्यांनी जगाची बाजारपेठ धरली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंकडे त्यांच्या तोफा होत्या. इटली, चिली, जपान असे ग्राहक जोडले गेले. पुढे एल्सविकमध्ये युद्धनौकाही बनू लागल्या.

ही त्यांच्या चरित्रातील सर्वात वादाची बाजू आहे. शस्त्राच्या वापराची जबाबदारी वापरणाऱ्याची, बनवणाऱ्याची नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ती पटणारे तेव्हाही होते आणि न पटणारेही. पण गुंतवणुकीच्या अंगाने पाहिले तर यंत्रसामग्री एकदा उभी केली की ती चालू ठेवण्यासाठी काम शोधावे लागते. कधी कधी ते काम कोणते, हे मालकाच्या हातात उरत नाही.

नदी कोणी खोल केली?

मोठी जहाजे आणि तोफा बनवायच्या तर त्या समुद्रापर्यंत न्यायला हव्यात. इथे दोन अडथळे होते. टाइन नदी गाळाने भरलेली होती आणि एल्सविकच्या खालच्या अंगाला कमी उंचीच्या कमानींचा जुना दगडी पूल होता. त्याखालून मोठे जहाज जाणे शक्य नव्हते.

नदीचे काम टाइन इम्प्रूव्हमेंट कमिशन या १८५० मध्ये नेमलेल्या मंडळाने हाती घेतले. नदीच्या मुखाशी समुद्रात दोन लांब भिंती बांधणे आणि पात्रातील गाळ उपसणे ही कामे कित्येक दशके चालली. दगडी पूल पाडून त्या जागी फिरता पूल आला. १८७६ मध्ये सुरू झालेला हा पूल मधोमध फिरतो आणि दोन्ही बाजूंनी जहाजांना वाट मोकळी होते. तो फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रे आर्मस्ट्राँग यांच्याच कारखान्याची होती. त्यातून पार झालेले पहिले मोठे जहाज इटलीचे होते आणि ते एल्सविकमधून १०० टनांची तोफ न्यायला आले होते.

म्हणजे सार्वजनिक मंडळाने नदी खोल केली, पूल बांधला आणि त्याचा सर्वाधिक फायदा एका खासगी कारखान्याला झाला. अर्थात, त्याच नदीतून कोळशाची आणि इतर मालाची जहाजेही गेली आणि शहराचा व्यापार वाढला. बंदरातील सार्वजनिक खर्चाचे हे नेहमीचे दुहेरी रूप आहे.

कामगारांच्या वाट्याला काय आले?

मे १८७१ मध्ये न्यूकॅसल परिसरातील यंत्र कारखान्यांतील कामगार संपावर गेले. दिवसाचे काम नऊ तासांचे असावे, ही त्यांची मागणी होती. मालकांच्या संघटनेचे नेतृत्व आर्मस्ट्राँग यांच्याकडे होते. त्यांनी तडजोड नाकारली आणि परदेशातून कामगार आणले. संप सुमारे पाच महिने चालला. अखेर ऑक्टोबरमध्ये मालकांना नमते घ्यावे लागले आणि आठवड्याला ५४ तासांचे काम मान्य झाले. एल्सविकमध्ये कामगारांसाठी शाळा काढणारे आर्मस्ट्राँग या प्रश्नावर मात्र हरले.

धक्क्यावरची स्थिती वेगळी नव्हती. जहाजे लवकर रिकामी होऊ लागली, गोदी कंपन्यांची उलाढाल वाढली, पण ओझी वाहणारे बहुतांश कामगार तासांच्या बोलीवरच राहिले. रोज सकाळी दारात उभे राहायचे, निवड झाली तर काम, नाहीतर घर. १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांना तासाला सहा पेन्स मिळवण्यासाठी मोठा संप करावा लागला. यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप मजुरीत उतरत नाही, हे या दोन्ही संपांतून दिसले.

अखेरची वर्षे कशी गेली?

वयाच्या पन्नाशीनंतर आर्मस्ट्राँग यांनी कारखान्याचा रोजचा कारभार हळूहळू इतरांकडे सोपवला. रॉथबरी गावाजवळ क्रॅगसाइड हे घर त्यांनी बांधले. तिथल्या ओढ्या-तलावांच्या पाण्यावर लिफ्ट आणि स्वयंपाकघरातील यंत्रे चालत. १८७८ मध्ये त्यांनी पाण्यापासून वीज तयार करून घरात दिवा लावला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वान यांचे बल्ब बसवले. जलविद्युतवर उजळलेले हे जगातील पहिले घर मानले जाते. ब्रिटनचा कोळसा कधीतरी संपणार, असा इशारा त्यांनी १८६३ मध्येच दिला होता आणि सूर्याच्या उष्णतेच्या वापराकडे लक्ष वेधले होते.

१८८७ मध्ये त्यांना उमराव पद मिळाले. मूलबाळ नव्हते. न्यूकॅसलला त्यांनी उद्याने दिली, संग्रहालय आणि शिक्षणासाठी मोठ्या देणग्या दिल्या. १८९४ मध्ये लंडनचा टॉवर ब्रिज सुरू झाला, तेव्हा तो उघडणारी हायड्रॉलिक यंत्रणाही त्यांच्या कंपनीची होती. तिथले जुने अक्युम्युलेटर आजही पाहायला मिळतात. २७ डिसेंबर १९०० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी क्रॅगसाइड येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईशी आणि आजच्या बंदरांशी याचा काय संबंध?

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबईचे महत्त्व वाढले. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन मुंबईच्या गोद्यांतही आल्या. लालबाग-परळच्या गिरण्यांचा कापूस आणि सूत ज्या धक्क्यांवरून गेले, तिथल्या यंत्रांची कुळी न्यूकॅसलच्या त्या क्रेनपर्यंत जाते.

आज क्रेन विजेवर चालतात आणि गोणीऐवजी कंटेनर उचलतात. पण गुंतवणुकीचे गणित फारसे बदललेले नाही. वाढवणमध्ये प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल उभारायची आहेत. प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे, तर टर्मिनलसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीचा मार्ग ठरला आहे. समुद्रातील भिंत, भराव, रस्ते आणि रेल्वे हे आधी करायचे खर्च आहेत. त्याशिवाय सर्वात आधुनिक क्रेनही नुसती उभी राहील.

त्यामुळे बंदरातील गुंतवणुकीची पुढची बातमी वाचताना क्रेन किती, यासोबत आणखी काही गोष्टी पाहायला हव्यात. क्रेनच्या मागचा अवाढव्य खर्च कोणाच्या खिशातून होतो आहे? तो भरून निघण्याएवढा माल येणार आहे का? आणि वाचलेल्या वेळेचा पैसा कोणाकडे जाणार आहे? वाढवण परिसरातील मच्छीमारांचा विरोध याच शेवटच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. समुद्रातील भरावाची किंमत त्यांच्या जाळ्यांना मोजावी लागेल, ही त्यांची भीती आहे. एल्सविकच्या कामगारांना आपला वाटा मिळवायला पाच महिने कारखान्याबाहेर बसावे लागले होते. इथे तो हिशोब बंदर उभे राहण्याआधीच मांडता येईल का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल.